मागच्या सीटवरचा वास

"कृष्णराव, आपकी गाडी में पेट्रोल की बू आ रही है," अरुणकुमार म्हणाला आणि खिडकीची काच खाली करून त्यानं नाक बाहेर काढलं. बोलणं एवढंच. पण ते ज्या सुरात आलं तो सूर कृष्णरावच्या कॉलरच्या आत कुसळासारखा रुतून बसला. परक्याच्या घरी भाजीत केस सापडावा, तो बोटानं ताटाच्या कडेला ठेवावा आणि मोठ्या मनानं पुढं जेवत राहावं, तसा तो सूर होता. अरुणकुमार वयानं लहान, नोकरीत मागून आलेला, आणि तरी गेल्या पावसाळ्यापासून कृष्णरावचा साहेब. त्या सकाळी त्याची जीप सुरू झाली नाही म्हणून कृष्णरावनं त्याला आपल्या लँडमास्टर गाडीत घेतलं होतं. मागच्या सीटवर दोघं शेजारी, पुढं ड्रायव्हर, आणि प्लांटच्या गेटवर सायकली हातात धरून उभे असलेले शेकडो लोक बघताहेत, असं चित्र त्यानं घरून निघतानाच मनात काढून ठेवलं होतं. तर अरुणकुमार गेटच्या बरंच अलीकडे गाडी थांबवायला सांगून उतरला. "सिगरेट पीनी है. यहाँ पी तो हम तीनों जाएँगे," असं म्हणून हसला आणि धुळीतून चालू लागला. पुढं बसलेला नत्थू ड्रायव्हरही हसला असावा. त्याचे कान हलले. कृष्णराव एकटा मागच्या सीटवर बसून गेटमधून आत गेला तेव्हा त्याला तो वास पहिल्यांदा आला. गोडसर, थंड, टाळूला चिकटणारा. आणि इतके दिवस तो आपल्याला आला नव्हता, दुसऱ्यानं सांगितल्यावर आला, याची त्याला वासापेक्षा जास्त चीड आली.

कृष्णराव कापगते तसा कुणालाच काही समजत नसे. भिलाईला तर नाहीच. सेक्टरांमधली सगळी घरं सारखी, सगळ्या घरांपुढची पपईची झाडं सारखी, आणि त्या घरांत राहायला आलेली माणसं दहा मुलखांतून गोळा होऊनही महिन्याभरात सारखी झालेली. त्याच पाळ्या, तेच टिफिन, अंगावर तीच तांबडी धूळ. रशियन तज्ज्ञांपुढं लोक वाकत, त्याला हसू येई. प्रशिक्षणासाठी तो वर्षभर त्यांच्या देशात राहून आला होता, आणि तिथंही माणसं पावासाठी रांगेत उभी राहतात, मोजे शिवून घालतात, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. मराठी मंडळात जावं तर नाटकाच्या तालमी आणि मसालेभातावरून भांडणं. सगळ्यांत वाईट म्हणजे साकोलीकडची त्याची स्वतःची माणसं. चुलत, मावस, गावातली, रोलिंग मिलमध्ये नाहीतर भट्टीवर कामाला लागलेली. पावर हाउस म्हणतात त्या वस्तीच्या बाजारात ती भर गर्दीत "ओ किसनाभाऊ" म्हणून हाक मारत, आणि तो दुकानाच्या पाटीकडे बघत पुढं निघून जाई. हिराशी लग्न करताना त्याला वाटलं होतं, रेल्वेच्या गार्डाची मुलगी, डोंगरगडच्या क्वार्टरांत वाढलेली, जराशी तरी वेगळी असेल. पण तीही मले-तुले करतच घरात आली. पहिली काही वर्षं त्यानं तिला दुरुस्त केलं. 'मले' नाही, 'मला'. 'करून राहिली' नाही, 'करते आहे'. हळूहळू ती बोलायचीच कमी झाली, आणि कृष्णरावनं ती सुधारणा समजली.

गाडी त्यानं बदली होऊन गेलेल्या एका साहेबाकडून घेतली होती. स्वतःला चालवता येत होती, पण हात बसलेला नव्हता, म्हणून नत्थू. सकाळी नत्थू त्याला प्लांटवर सोडी, गाडी घरी आणून लावी आणि सुटीच्या वेळी पुन्हा न्यायला येई. मधल्या वेळात गाडी काय करते याचा विचार करण्याची गरज कृष्णरावला कधी वाटली नव्हती. भिंतीवरचं घड्याळ आपण घरी नसताना काय करतं, असा विचार कोण करतं? आता मात्र वासानं त्याला झपाटलं. कधी तो यायचा, कधी नाही. सोमवारी नुसती झुळूक, मंगळवारी असा की डोकं उठावं, मग दोन दिवस काही नाही. पुढं कमी, मागं जास्त. तो पावर हाउसला केवलराम मिस्त्रीकडे गेला. केवलरामच्या तोंडात पान, हातात पाना, आणि स्वभावात एक प्रकारचा सैलपणा. कृष्णरावला तो बघताक्षणीच आवडला नाही.

"पंपातून गयत असन साहेब," केवलराम म्हणाला आणि पंपाचा पडदा बदलला. वास राहिला. "मंग कारबोरेटर असन," म्हणाला आणि कारबोरेटर खोलून, साफ करून, पुन्हा बसवला. वास राहिला. मग टाकीची नळी. मग टाकीच्या तोंडाचं रबर. प्रत्येक वेळी केवलराम बोट पुसून नाकाशी नेई, मान हलवी आणि म्हणे, "कोरडं हाय, साहेब. गाडी कोरडी हाय. तुमच्या गाडीले काहीच झालं नाई." कृष्णराव बाकावर वर्तमानपत्र पसरून त्यावर बसलेला असे आणि मनात म्हणे, याला काय कळतंय. बैलगाडीच्या आसाला वंगण लावणारी जात, हातात मोटार आली एवढंच. आपण रशियात भट्ट्या उभ्या होताना पाहिल्या, आणि आपल्याला या माणसाच्या पुढ्यात बसून 'कोरडं हाय' हे ऐकावं लागतंय. पण मिस्त्री मूर्ख आहे असं ठरवून टाकलं तरी वास जात नव्हता. तो डबा उघडल्यासारखा कधीही समोर यायचा, आणि आला की अरुणकुमारनं बाहेर काढलेलं नाक आठवायचं.

एका संध्याकाळी डिकी उघडून बघताना त्याला आत पत्र्यावर एक गोल ओला डाग दिसला, डबा ठेवल्यावर उठतो तसा. क्षणात त्याला सगळं लख्ख दिसलं आणि दिसलं म्हणून बरंही वाटलं. चोरी. ड्रायव्हर लोक नळी तोंडात धरून पेट्रोल ओढतात, डब्यात भरतात आणि अहिवाऱ्याकडे दगड वाहणाऱ्या ट्रकवाल्यांना विकतात, हे कुणीही सांगितलं असतं. त्यानं नत्थूला अंगणात उभं केलं. शेजारची सत्यभामाबाई गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती, समोरच्या घरात रेडिओ बारीक झाला. तेही त्याला बरंच वाटलं.

"डबा कुठं ठेवतोस?" त्यानं विचारलं.

"कोनता डबा, साहेब?"

"पेट्रोलचा. माझ्या गाडीतून काढतोस तो."

नत्थूनं घराच्या दाराकडे पाहिलं. दारात हिरा उभी होती, हातात निवडायचं सूप. नत्थू मान खाली घालून म्हणाला, "तुमच्या टाकीतलं मी थेंबभर काढलं नाई. देवाशपथ."

"मग डाग कशाचा?"

नत्थू गप्प. चोर गप्प बसतो तसाच गप्प, असं कृष्णरावला वाटलं. खरा माणूस ओरडला असता. त्यानं किल्ली मागून घेतली आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. "एक मिनिट ऐका न," हिरा दारातून म्हणाली. तो म्हणाला, "तू आत जा." ती गेली नाही, तिथंच उभी राहिली. पण नत्थूनं तिच्याकडे बघून, कुणाला दिसेल न दिसेल अशी, मान हलवली आणि टोपी घालून फाटकाबाहेर पडला. ती मान कृष्णरावला दिसली होती. तिचा अर्थ लावावा एवढी किंमत त्यानं नत्थूच्या मानेला दिली नाही.

वास गेला. आता तो स्वतः गाडी चालवू लागला, कचकन ब्रेक दाबत, गिअर खरडत. गाडी दिवसभर प्लांटच्या आवारात उभी राही आणि संध्याकाळी दार उघडलं की आत फक्त तापलेल्या रेक्झिनचा आणि धुळीचा वास येई. त्यानं हे अरुणकुमारला आवर्जून सांगितलं. "ड्राइवर चोर निकला," तो म्हणाला. अरुणकुमार समोरच्या नकाशातून मान वर न काढता "अच्छा" म्हणाला. त्या एका शब्दानंही कृष्णराव दोन दिवस खूश होता. जगाबद्दल आपलं जे मत आहे तेच शेवटी खरं ठरतं, या समाधानाइतकं ऊबदार दुसरं काही नसतं. घरी हिरा आणखी गप्प झाली होती. दुपारी कंटाळा येत असेल, बाजाराला जायला आता रिक्षा करावी लागत असेल, असं त्याला एकदा वाटून गेलं, आणि वाटलं तसं गेलंही.

मग संक्रांत आली. मराठी मंडळात हळदीकुंकू होतं, साहेब लोकांच्या बायका येणार होत्या, म्हणून कृष्णराव गरम सूट घालून हिराला घेऊन निघाला. ती त्याच्या शेजारी पुढं बसली, दार लावलं, आणि सेक्टरच्या कोपऱ्यावर गाडी वळते न वळते तोच वास आला. असा दाट की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. बॉनेट उघडलं, नळी चाचपली, पंप चाचपला, शेवटी नव्या सुटानिशी गुडघे टेकून गाडीखाली वाकला. येणारे-जाणारे सायकलवाले वेग कमी करून बघत होते. एकजण "क्या हुआ, साब?" म्हणाला, त्याला त्यानं उत्तर दिलं नाही. सगळं कोरडं होतं. हिरा आत हळदीकुंकवाचं तबक मांडीवर घेऊन पुढं बघत बसली होती. तो काळे हात घेऊन खिडकीशी आला तेव्हा तिनं कमरेचा रुमाल काढून दिला. त्यानं हात पुसले, चेहरा पुसला, आणि पुसता पुसता त्याला वाटलं की वास आता आपल्या हातालाच लागला. "साला केवलराम," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात, कुणाचा तरी लांबलेला फोन ऐकत असताना, आपोआप त्याच्या डोक्यात ते उलगडलं. हातांना काळं तेल लागलं होतं, पेट्रोल नाही. गाडी कोरडी होती. वास रुमालाला होता, हात पुसायच्या आधीपासून. म्हणजे तिच्या कमरेला, तिच्या अंगाला. आणि वास गेला तो नत्थू गेल्यावर, आला तो हिरा बसल्यावर. त्याला आपल्या बायकोचे हात कसे दिसतात हे आठवून पाहावंसं वाटलं आणि आठवलं नाही. बांगड्या आठवल्या, वाढताना पुढं येणारी वाटी आठवली, हात आठवले नाहीत. त्या रिकाम्या जागेत मग जे यायचं तेच आलं. ड्रायव्हर. हललेली मान. दुपार. त्याला राग आला, पण त्याहून जास्त किळस आली, आणि किळशीच्या तळाशी पुन्हा तेच जुनं समाधान होतं: गार्डाची पोरगी, तिच्याकडून दुसरी अपेक्षा काय करायची. त्यानं फोन ठेवला आणि कुणाला न सांगता घरी आला.

दाराला कुलूप होतं. सत्यभामाबाई फाटकाशी आली. "हिराबाई का? पावर हाउसले गेल्या असतीन. रोजच जातात न त्या."

"रोज?"

"तुमाले नाई माहीत?" ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावला. त्याला तो पदर ओढून काढावासा वाटला. "स्टेशनच्या मांगं, सिंधुताईच्या घरी. शंटिंगवाला वारला पहा, त्याची बाई. कोनालेही विचारा, सांगतीन."

पावर हाउसचं रेल्वे फाटक उघडं मिळालं. स्टेशनामागं गाडी जाईना, तो उतरून चालत गेला, कोळशाच्या चुऱ्यातून, उकिरड्यावरून, बूट जपत. मनात वाक्यं तयार होत होती, स्वच्छ, शुद्ध, एकेक तासून काढलेली. विचारावं लागलंच नाही. वळणावरच वास आला, आणि तो वासामागं गेला.

तट्ट्याचं फाटक ढकलून तो आत गेला आणि थांबला. मोठं उघडं अंगण होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत तारा बांधल्या होत्या, आणि तारांवर कोट टांगले होते. काळे, करडे, तपकिरी, रशियन लोकांचे घोट्यापर्यंतचे ओव्हरकोट, साहेबांचे सूट, शाली, एक जरीचा शालू. वाऱ्यावर सगळे एकदम हलत होते, आणि पहिल्या क्षणी त्याला वाटलं की इथं सभा भरली आहे. खाली एनॅमलच्या दोन मोठ्या परातींत पेट्रोल होतं. एका परातीशी पांढऱ्या लुगड्यातली म्हातारी बाई, सिंधुताईच असणार, कोटाची कॉलर ब्रशनं घासत होती. दुसरीशी हिरा, पदर खोचलेला, बाह्या कोपरापर्यंत. आणि तारेखाली, कोट झटकत, नत्थू.

हिरानं मान वर केली. ती दचकली नाही. म्हणाली, "खिशात आगपेटी हाय का?"

"काय?"

"आगपेटी. सिगरेट. असन तं बाहेर ठेवून या. इथं चालत नाई."

तासलेली सगळी वाक्यं तोंडात असताना कृष्णराव वळला, फाटकाबाहेर गेला, खिशातली काडेपेटी आणि सिगरेटचं पाकीट एका दगडावर ठेवलं आणि परत आला. आपण काय केलं हे त्याला परत येईपर्यंत कळलं नाही.

"हे काय चालवलंयस?" तो म्हणाला.

"दिसून नाई राहिलं? कपडे धुऊन राहिली. माझी माय बाबांचा गार्डाचा कोट असाच धुवे, डोंगरगडले. गरम कपड्याले पानी लागलं का संपला. समोरच्या रशियन बाईचा कोट रश्शानं खराब झाला होता, रडून राहिली होती बिचारी. तिचा धुतला. मंग तिनं दुसरीले सांगतलं."

"आणि माझ्या गाडीतून..."

"कोट गाडीतूनच नेऊन पोचवत होतो. पुरते सुकत नाई, थोडा वास राहते. पेट्रोलही माझंच, डब्यात इकत आनलेलं. तुमच्या टाकीतलं घेतलं नाई." तिनं नत्थूकडे पाहिलं. "त्यानंही घेतलं नाई. मी त्या दिवशी सांगनार होती. यानंच नको म्हनून मान हालवली. अंगनात सांगतलं असतं तं तुमी सगळ्यांदेखत काय बोलले असते, ते त्याले माहीत होतं. मंग मी त्याले इथं घेतलं."

"इंजिनिअरची बायको लोकांचे कपडे धुते," कृष्णराव म्हणाला. आवाज चढत होता आणि त्याला तो आवरेना. "मले तोंड दाखवाले जागा ठेवली नाई तुनं! कावून? कावून केलं हे? घरी काय कमी होतं?"

सिंधुताईचा ब्रश थांबला. नत्थूनं कोटामागं तोंड लपवलं. हिरा मात्र त्याच्याकडे नीट बघत होती, आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच तिच्या तोंडावर हसू येण्यासारखं काहीतरी झालं.

"बोलनं कमी होतं," ती म्हणाली. "दुपार लई मोठी असते घरात. अन् तुमी? येवढे दिवस वास हुडकला तुमी. मिस्त्रीले विचारलं, ड्रायव्हरले विचारलं, गाडीच्या पोटात हात घालून पायला. मी रोज तुमच्या समोर ताट वाढून राहिली होती. माझ्या हाताले वास होता. मले एकदाही नाई विचारलं."

तो उत्तर देणार होता. पण त्याला तिची नजर दिसली. तिच्यात राग नव्हता. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं. एखादी वस्तू जेवढ्या कामाची वाटली होती तेवढीही नाही, हे कळल्यावर माणूस तिच्याकडे जसं बघतो तशी ती नजर होती. ही नजर त्यानं आयुष्यभर आतून वापरली होती. बाहेरून कशी दिसते हे त्याला आज कळलं, आणि ती आपल्यावर रोखलेली असताना हात कुठं ठेवावेत हेही समजेना.

तेवढ्यात फाटकातून अरुणकुमारची बायको आली. कृष्णराव कोटांच्या रांगेत अर्धवट लपल्यासारखा उभा. तिनं त्याला पाहिलं, ओळखलं नाही. "नमस्ते, हिराबाईजी," ती दोन्ही हात जोडून म्हणाली. "साहब का सूट हो गया?" हिरानं सूट काढून दिला, घडी कशी घालायची ते दाखवलं, रात्रभर उघड्यावर टांगून ठेवायला बजावलं. साहेबाची बायको शाळेतल्या पोरीसारखी मान हलवत होती. जाताना ती कृष्णरावकडे वळून म्हणाली, "आप भी कुछ लाए हैं क्या?"

"नहीं," तो म्हणाला. "मैं... गाडी लाया हूँ."

हे वाक्य त्यानं ठरवलं नव्हतं. हिरानं ते ऐकलं. तिनं परातीवर झाकण ठेवलं, हात मातीनं घासून धुतले, तारेवरचे सुकलेले कोट काढून त्यांची दोन बोचकी बांधली. नत्थूनं एक उचललं, दुसरं ती स्वतः उचलणार तोच कृष्णरावनं हात पुढं केला. बोचकं अपेक्षेपेक्षा जड होतं. कोळशाच्या चुऱ्यातून ते तिघं एकामागून एक चालत आले, आणि नत्थू समोर असताना त्याच्याशी एखादा शब्द बोलायला हवा हे कृष्णरावला सारखं कळत होतं, पण तो बोचकंच सावरत राहिला. बोचकी मागच्या सीटवर ठेवून नत्थू म्हणाला, "सांभाळून न्या साहेब, क्लच दबत नाई लवकर," आणि परत फिरला.

हिरा मागंच बसली, बोचक्यांजवळ. "पहिले रशियन क्वार्टरं," ती म्हणाली. "मंग घरी."

रेल्वेचं फाटक आता बंद होतं. मालगाडी जात होती, खनिजानं भरलेली, कूर्मगतीनं. कृष्णरावनं इंजिन बंद केलं. गाडीत वास भरून राहिला होता आणि त्यानं काच खाली केली नाही. समोरच्या आरशात त्यानं पाहिलं. हिरा बोचक्यावर डोकं टेकून डोळे मिटून बसली होती, तोंड किंचित उघडं, लाल पडलेले हात मांडीवर पालथे टाकलेले. इतकी दमलेली ती रोजच असेल का? संध्याकाळी तो घरी येई तेव्हा ती चूल पेटवत असे, एवढंच त्याला माहीत होतं. तिच्यासाठी मनात नेहमी तयार असणारा तुच्छ शब्द तो शोधू लागला, सवयीनं, खिशात किल्ली चाचपावी तसा. शब्द होते, पण एकही या बाईला बसेना. वाघिणींमागून वाघिणी जात होत्या. मागं ट्रकवाले भोंगे वाजवू लागले होते. तो आरशातच बघत राहिला.

"गार्डाचा डबा गेला," हिरा डोळे न उघडता म्हणाली. "आता उघडन फाटक. चला."